नेपाळचं सरकार आणि आमच्या सायलीचं लग्न

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप कडूबामामा यांस,

सोमनाथचा दोन्ही हात जोडून रामराम. (‘तीर्थस्वरूप’ मुद्दाम अख्खं लिहिलं आहे. मागं एका पत्रिकेवर नुसतं ‘ती. स्व.’ छापलं, तेव्हा तुम्ही त्यातल्या ‘स्व.’वर बोट ठेवून, “दाजी, मी अजून जित्ता हाये,” असं भरल्या मांडवात सगळ्यांना सांगितलं होतं.)

इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? करमाडला थंडी पडली का? कपाशीची वेचणी कुठवर आली? म्हैस व्याली असेल तर तिला आणि रेडकाला आमचा आशीर्वाद, मालनवहिनींना नमस्कार. हे सगळं खरं तर फोनवर विचारलं असतं. पण मागच्या आठवड्यात तुम्ही माझं बोलणं अर्ध्यात तोडून फोन ठेवलात आणि तेव्हापासून उचलत नाही. रिंग पूर्ण वाजते, म्हणजे फोन तुमच्या हातातच असतो आणि तुम्ही माझ्या नावाकडं बघत बसता, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र. फोन न ऐकता ठेवता येतो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आत काय लिहिलं आहे याची खुमखुमी माणसाला आधी वाचायला लावते.

सुरुवातीलाच सांगतो, हे पत्र तुम्हाला आग्रह करायला नाही. सायलीचं लग्न नेपाळात बुटवलला होणार, आम्ही जाणार आणि तुम्ही येणार नाही. तुमच्या निर्णयाचा मला पूर्ण आदर आहे. फक्त मी एवढा फिरलो कसा, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. उन्हाळ्यात आपण दोघं एकाच बाजूला होतो.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. सायली पुण्याहून त्या बुटवलच्या कृष्णाला घेऊन आली होती. (पोरगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले खांदे सोडवते, आणि बापाला मात्र असं आखडून टाकते.) तुम्ही खास बघायला आला होतात. पोरगा दिसायला नीटनेटका, पुण्याच्या कंपनीत पाणी शुद्ध करायच्या प्लँटची डिझाइनं करणारा इंजिनिअर, मराठी बऱ्यापैकी. आपण त्याला अडवायला म्हणून एवढे प्रश्न विचारले आणि तो गच्चीवर जाऊन आमच्या टाक्या बघून आला. खाली आल्यावर त्यानं मला विचारलं, “पप्पा, इतक्या टाक्या कशाला?” मी म्हणालो, नळाला पाणी कधी येईल ते इथं कुणी सांगू शकत नाही. तो गंभीर झाला आणि कागदावर काहीतरी आकृती काढायला लागला. तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात आणि दारात चप्पल घालता घालता म्हणालात, “दाजी, परदेशात द्यायची तर अमेरिकेला द्या. ह्यो कसला परदेश, जायला पासपोर्टबी लागत नाय. गावात सांगायचं काय?” तुमची बहीण आतून म्हणाली, “दादा, चहा संपवून बोल.” तुम्ही संपवला नाही.

माझंही मन तुमच्यासारखंच होतं. फक्त मी घरातच राहतो, त्यामुळं मला उठून जायची सोय नव्हती.

मग पितृपक्ष लागला आणि नेपाळात ते सगळं झालं. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा तुमचा फोन आला. रामराम नाही, काही नाही. “दाजी, टीव्ही लावा.” मी औरंगपुऱ्यात दुकानात होतो. कोपऱ्यातला टीव्ही लावला तर धूर, पळणारी माणसं, पेटलेल्या गाड्या. तुम्ही म्हणालात, “सुटलो आपण.” मीही व्हय म्हणालो. पोरीचं लग्न मोडायचं पाप तुमच्या-माझ्या माथी न येता एका अख्ख्या देशानं स्वतःवर घेतलं होतं. सरकारनं पोरांची मोबाइलवरची ॲपं बंद केली म्हणून पोरं रस्त्यावर आली, असं बातम्यांत सांगत होते. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरी तुमच्या बहिणीचा नेटपॅक संपतो त्या दिवशी मीसुद्धा सत्ता सोडून दुकानात येऊन बसतो.

पण मामा, एक सांगतो, हसू नका. त्या गर्दीत बरीच पोरं शाळेच्या गणवेशात होती. आता मी जन्मभर गणवेश विकलेला माणूस. बाकीचे सरकार पडताना बघत होते आणि मी कॉलर बघत होतो. कापड चांगलं होतं, खिशावरचा बिल्ला नीट शिवलेला होता. कुणीतरी आपल्यासारख्याच दुकानात उभं राहून, “जरा वाढतं माप द्या, पुढच्या वर्षीही चाललं पाहिजे,” असं सांगून तो गणवेश घेतला असणार. त्यातली काही पोरं घरी परत गेली नाहीत, हे संध्याकाळी बातम्यांत कळलं तेव्हा मी टीव्ही बंद केला. तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण तुम्ही फार आनंदात होतात.

आपला आनंद मात्र टिकला नाही. सरकार पडलं, नवं बसलं आणि आठवड्याच्या आत तिकडची दुकानं उघडली. मी थक्क झालो. आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन फुटली तर नुसतं बघायला माणूस यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तरी मी हिंमत सोडली नाही. रोज सकाळी तिकडची एखादी वाईट बातमी शोधून ती जेवताना वाचून दाखवायला लागलो. कधी कधी काहीच मिळायचं नाही. मग मी भूकंपाची शक्यता सांगायचो.

आमच्या कॉलनीचं परराष्ट्र खातं शेजारच्या सुदर्शनरावांकडं आहे. (निवृत्त बँक मॅनेजर. एकदा ग्रुपबरोबर दुबईला जाऊन आले आहेत. तिथल्या हॉटेलातला साबण अजून बाथरूममध्ये ठेवला आहे, वापरत नाहीत.) त्यांना मी मुद्दाम घरी बोलावलं. वाटलं, शिकलेला माणूस आहे, घाबरवेल. त्यांनी नकाशा उघडला, चष्मा पुसला आणि चीन, अमेरिका, तेल असं सगळं सांगून झाल्यावर निष्कर्ष काढला की लग्नाला जायला हरकत नाही, फक्त प्लगचा ॲडॅप्टर लागेल. तोही ते देणार. मी त्यांना चहा पाजला याचा पश्चात्ताप झाला.

मग मी सरळ कृष्णाच्या वडिलांशी बोलायचं ठरवलं. ते निवृत्त हेडमास्तर आहेत. व्हिडिओ कॉलवर ते कोट घालून, टोपी घालून बसले होते. मी बनियनवर शर्ट चढवून बसलो, खाली लुंगीच होती. त्यांची हिंदी पुस्तकातली आणि माझी औरंगपुऱ्यातली. मी म्हणालो, हालात ठीक नहीं, तुम्हीच सगळे इकडं या, लग्न इथंच उरकू. त्यांनी टोपी नीट केली. मग अतिशय अदबीनं म्हणाले की त्यांच्या भावकीतही याच विषयावर बैठक झाली होती. एका पुतण्यानं इंटरनेटवर आमच्या शहराचं नाव टाकलं, तर कधीकाळच्या दंगलीचा, दगडफेकीचा व्हिडिओ निघाला. दुसऱ्या पुतण्याला आमच्या शहराची दोन नावं सापडली, तेव्हा त्यानं विचारलं की तिकडं सत्ता नेमकी कुणाची आहे. त्यामुळं त्यांच्या बायकामंडळींनी संभाजीनगरला यायला नकार दिला होता, आणि हे मला कसं सांगावं या चिंतेत ते महिनाभर होते.

मामा, मला राग आला. मी म्हणालो, “साहब, नक्को टेन्शन लो. वो एक गल्ली में हुआ था. बाकी सारा शहर चालू था. मैं उसी दिन दुकान खोलके बैठा था.” ते हसले आणि म्हणाले, “जी, हमारे यहाँ भी ऐसा ही था.” मी त्यांना हवा कशी आहे ते विचारलं. त्यांनी चांगली आहे म्हणून सांगितलं. आत तुमची बहीण तोंडाला पदर लावून हसत होती, ते त्यांनाही दिसलं असणार, कारण फोन मी उलटा-सुलटा धरला होता.

तरीही मी हो म्हणालो नव्हतो. इथपर्यंत तुमच्याशी इमान राखलं.

दिवाळीच्या तोंडावर सायली रजा घेऊन घरी आली आणि कृष्णा हॉल बघायला बुटवलला गेला. तो गेला आणि तिकडं जवळच्या एका गावात काहीतरी मारामारी झाली, संचारबंदी लागली. (बघा, महिनाभर मी जी बातमी शोधत होतो ती आयती चालून आली.) आणि कृष्णाचा फोन बंद झाला. त्याच्या वडिलांचा लागत नव्हता. पहिल्या दिवशी सायली म्हणाली, नेटवर्क नसेल. दुसऱ्या दिवशी तिनं चकलीचं पीठ मळलं, तुमच्या बहिणीनं सोऱ्या हातात दिला, आणि पोरगी तो सोऱ्या धरून नुसती बसून राहिली. मी जेवायला बसलो. बातमी वाचून दाखवायची माझी वेळ होती, पण कुणी माझ्याकडं बघितलं नाही आणि मीही वाचली नाही. भाजीत मीठ नव्हतं, तेही बोललो नाही.

दुपारी दुकानात दिवाळीची तुरळक गिऱ्हाइकं होती. फोन वाजला, नंबर लांबलचक, अनोळखी. मला वाटलं कर्ज देणारे असतील. उचलला तर, “पप्पा, मी कृष्णा.” गर्दीतून कॉलेजातल्या बहिणीला आणायला गेला होता, तिथं त्याचा मोबाइल पडला आणि फुटला. नेट बंद, वडिलांच्या फोनला रेंज नाही. सायलीचा नंबर तोंडपाठ नाही. (आजकालच्या पोरांना ज्याच्याशी लग्न करायचं त्याचा नंबर पाठ नसतो.) पण सायलीनं त्याच्या आईसाठी साडी पाठवली होती ती आपल्या दुकानाच्या पिशवीतून, आणि पिशवीवर दुकानाचा नंबर छापलेला होता. तो बघून त्यानं शेजाऱ्याच्या फोनवरून लावला. म्हणाला, “आम्ही सगळे ठीक आहोत. सायलीला सांगा. ती जेवली नसेल.” आणि मग, मामा, त्यानं मला विचारलं, “तुम्ही घाबरला नाही ना?”

मी नाही म्हणालो. त्यानं पुन्हा विचारलं तेव्हा मी फोन तुटत असल्यासारखं “हॅलो, हॅलो” केलं.

खरं तर तिथूनच घरी फोन लावता आला असता. पण मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणालो, शटर ओढलं आणि रिक्षा केली. औरंगपुऱ्यातून निघायलाच एवढा वेळ लागला आणि मी एवढी घाई केली की रिक्षावाल्यानं मला विचारलं, दवाखान्यात जायचं का. घरी पोचलो. सायली स्वयंपाकघरात होती. मी दारातूनच सांगितलं, “कृष्णाचा फोन आला होता. ठीक आहे तो. जेव म्हणाला.” ती रिकाम्या गॅस सिलिंडरवर बसली आणि रडली, लहान असताना शाळेतून बक्षीस न मिळता आली की रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. पायात बूट तसेच होते. तुमच्या बहिणीनं पहिल्यांदाच बुटांबद्दल काही म्हटलं नाही.

एवढं झाल्यावर तुम्हाला वाटेल, मी लगेच तयार झालो. तसं झालं नाही. मला तयार व्हायची संधीच मिळाली नाही. दिवाळी झाल्यावर सायली माझ्यासमोर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, “पप्पा, तुम्ही येऊ नका. मम्मीलाही आणू नका. आम्ही पुण्यात रजिस्टर करतो. त्यांच्याकडचंही कुणी येणार नाही. कुणाला कसला धोका नको.” म्हणजे बघा, सहा महिने आपण दोघांनी जे मागितलं ते पोरगी ताटात वाढून देत होती. ना मांडव, ना वऱ्हाड, ना भावकीचे प्रश्न. मी तुम्हाला फोन करायला हात खिशात घातला आणि तो तिथंच राहिला.

तेव्हा तुमची बहीण बोलली. ती धान्य निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, “लग्न झाल्यावर ही सासरी जाणार-येणारच ना? तेव्हा धोका हिला एकटीला. आपल्याला नाही. तुमचा जीव तेवढा जपा.”

मी उठलो आणि पाणी भरायला गेलो. पाणी आलेलंच नव्हतं. तसाच मोटारीपाशी उभा राहिलो. परत आलो आणि म्हणालो, मनमाडहून गोरखपूरची तिकिटं काढ. सायली म्हणाली, विचार करा. मी म्हणालो, विचार करून करूनच एक सरकार पडलं.

त्यानंतर मी तुम्हाला फोन केला. “मामा, आम्ही चाललो,” एवढंच म्हणू शकलो. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

भीती गेली असं समजू नका. अजून रोज तिकडच्या बातम्या बघतो, फक्त मोठ्यानं वाचत नाही. गोरखपूरहून गाडीनं सोनौलीला जायचं, तिथं एक कमान आहे, तिच्याखालून चालत गेलं की परदेश. विमान नाही, पासपोर्ट नाही, बॅग ओढत चालत जायचं. तुमचं म्हणणं खरं होतं, गावात सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण पलीकडं एक निवृत्त हेडमास्तर टोपी घालून उभे राहणार आहेत आणि त्यांना वाटतंय की आपण फार धाडसी शहरातून येतोय. तो समज मी मोडणार नाही.

तर मामा, एवढंच कळवायचं होतं. तुम्ही तुमच्या शब्दावर राहा. मोठ्या माणसानं शब्द फिरवू नये, ते माझ्यासारख्याला शोभतं. गुडघ्याला तेल लावत चला. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुम्हाला दोन्ही, कारण तुम्ही सध्या लहान मुलासारखे रुसला आहात.

तुमचा,
सोमनाथ

ता. क. : तिकडच्या गुरुजींनी विचारलं की नवरीला मांडवात कोण आणणार. सायलीनं तुमचं नाव सांगितलं. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, बाई, मामा येत नाहीत, मी आणतो. ती म्हणाली, “मग मुहूर्त टळेल. मी मामाशिवाय मांडवात येणार नाही.” हे मी आग्रह म्हणून लिहीत नाही. फक्त दोन देशांची माणसं मांडवात ताटकळत बसतील, एवढं डोक्यात असू द्या.

आणखी ता. क. : तुमच्या नावाचं तिकीट निघालं आहे. चुकून निघालं. खालचा बर्थ आहे, गुडघ्यामुळं. मतदान कार्ड सोबत लागतं, आधार कार्ड तिकडं चालत नाही. तुम्ही येणार नाही, त्यामुळं हे तुमच्या कामाचं नाही, पण शोधून ठेवायला काय जातं?

शेवटचा ता. क. : मालनवहिनी, मामांचा चष्मा कधी सापडत नाही, त्यामुळं हे पत्र तुम्हीच त्यांना वाचून दाखवत असणार. इथं थांबा. “संपलं” म्हणा आणि पुढचं मनात वाचा. मामांना न सांगता आमच्याबरोबर यायचं म्हणून तुम्ही गपचूप आमच्याकडं पाठवलेली तुमची प्रवासाची पिशवी आज सकाळी करमाडच्या गाडीवाल्यानं आणून दिली. पाकीट बंद करणार एवढ्यात तुमच्या नणंदेनं साडीची घडी मोडू नये म्हणून ती उघडली. साडीच्या खाली मामांचा लोकरी कोट निघाला. आम्हाला वाटलं, तो तुम्हीच पिशवीत ठेवला असेल. पण कोटाच्या खिशात मामांचं मतदान कार्ड होतं, त्यांच्याच तंबाखूच्या जुन्या पिशवीत घालून, वर सुतळीनं त्यांची ती बैलाला बांधतात तशी गाठ मारलेली. ती गाठ तुम्हाला येत नाही, हे तुम्हीच मागं सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही त्यांना चोरून पिशवी पाठवली आणि त्यांनी तुम्हाला चोरून त्या पिशवीत कोट घातला, असा सगळा हिशेब दिसतो. आम्हाला कळलंय हे त्यांना बोलू नका. मनमाडपर्यंत त्यांना रागावू द्या, तेवढाच प्रवास बरा जाईल.